उसवणीची पानं : दहावीच्या इंग्रजीची माझी वही

१ जुलै २०२२, शुक्रवार. शंभरपानी वहीला खाकी कव्हर घातलं, वर नावाची चिठ्ठी चिकटवली आणि पेन अडलं. नाव कुठलं घालायचं? बावीस वर्षांत माहेरच्या नावाने मला कुणी हाक मारलेली नाही. पण फॉर्म शाळेच्या दाखल्यावरच्या नावाने भरायचा होता, म्हणजे परीक्षेला बसणार होती ती माहेरचीच. शेवटी तेच घातलं. लेक वाकून बघत म्हणाली, "आई, ही कोण गं?"

मी कराडला लागून असलेल्या मलकापुरात राहते. घरीच शिलाईकाम करते, ब्लाऊज आणि पंजाबी ड्रेस. शाळा पाटण तालुक्यात झाली, १९९६ साली आठवी पास झाले आणि सुटली. का सुटली ते सांगत बसत नाही, त्या वेळी आमच्याकडे बहुतेक मुलींची सुटायचीच. चाळिशीत सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसले. गणिताची भीती होतीच, पण इंग्रजीच्या नावाने पोटात गोळाच यायचा. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. पहिलीपासून आलं ते २००० साली. म्हणजे माझं इंग्रजी सगळं मिळून चार वर्षांचं. त्यातलं एक वर्ष चाररेघी वहीत एबीसीडी गिरवण्यात गेलेलं.

हे त्या इंग्रजीच्या वहीबद्दल लिहितेय. फॉर्मच्या कटकटी मधेमधे येतील, कारण त्या तशाच मधेमधे आल्या.

क्लास एका निवृत्त शिक्षिकांच्या घरी होता. संध्याकाळी साडेसहा ते पावणेआठ, महिना पाचशे रुपये. आम्ही बारा जण. नऊ मुलं आधी नापास झालेली, माझ्यासारख्या दोन बायका आणि एक रिक्षावाले दादा. मुलं मला पहिल्या दिवसापासून काकू म्हणायला लागली. एकदा काकू झाल्यावर चुकायची लाज थोडी कमी वाटते, हा माझा अनुभव.

पहिले तीन आठवडे मॅडम जे बोलतील ते मी एकापाठोपाठ एक लिहीत गेले. पत्राचा नमुना, त्याखाली पाच शब्दांचे अर्थ, त्याखाली काळ, मधेच धड्याचं उत्तर, मधेच 'उद्या सुट्टी'. एका मंगळवारी मॅडम म्हणाल्या, "गेल्या आठवड्यात पॅसिव्ह व्हॉइसचा तक्ता दिला होता, काढा." मी पानं उलटतेय, उलटतेय. शेजारचा पोरगा शांत बसलेला. विचारलं, "तुला सापडला का रे?" म्हणाला, "काकू, माझी वहीच नाही." आम्हा दोघांचा उपयोग सारखाच.

घरी येऊन मी जे केलं ते तुम्ही करू नका, म्हणून सविस्तर सांगते. मी पक्की वही करायला घेतली. नवी लाँगबुक, साठ रुपये. चार रंगांची पेनं, मथळा लाल, उपमथळा हिरवा, मजकूर निळा, समास पट्टीने आखलेला. रोज रात्री जेवणं उरकली की अकरापर्यंत कच्च्या वहीतलं पक्क्या वहीत उतरवायचं. लेक म्हणायची, "आई, ही लग्नपत्रिका आहे का?" तीन आठवड्यांत चाळीस पानं झाली. इतकी देखणी वही मी शाळेतसुद्धा कधी केली नव्हती. मॅडमना दाखवली. त्यांनी सगळी पानं बघितली, "अक्षर छान आहे हो" म्हणाल्या, आणि वही मिटून स्वतःच्या मांडीवर ठेवली. "आता सांगा, यातलं काय काय आठवतंय?"

मला मथळे आठवत होते. कुठला कुठल्या रंगात आहे तेही. बाकी काही नाही. उतरवताना हात चालत होता आणि डोकं दुसऱ्या दिवशीच्या ऑर्डरींत होतं.

तेवढ्यात ऑगस्ट संपत आला आणि फॉर्मचं लागलं. सतरा नंबरच्या फॉर्मला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. माझा वडिलांच्या पेटीत होता आणि त्याला वाळवी लागलेली. मग एसटीने पाटण, तिथून पुढे जीपने गाव. शाळेतल्या जनरल रजिस्टरमध्ये माझं नाव शोधायला दोन खेपा झाल्या, कारण मला साल पक्कं ठाऊक नव्हतं. तिसऱ्या खेपेला दुय्यम प्रत हातात पडली. दुय्यम प्रत असली की सोबत प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. ते तहसील कचेरीबाहेर टाइप करून घेतलं, त्याचे दीडशे रुपये गेले. तुमचा दाखला जुना असेल तर जून-जुलैतच गावी जाऊन या. फॉर्म सुरू झाल्यावर शोधायला लागलात तर रोज छातीत धडधडतं.

फॉर्म ऑनलाइन असतो. दाखला, आधार आणि फोटो स्कॅन करून चढवायचे, मोबाइल नंबर आणि ईमेल द्यायचा. नोंदणीचे हजार आणि प्रक्रिया शुल्काचे शंभर, असे अकराशे मी भरले. परीक्षेचं शुल्क पुढे वेगळं. भरताना जवळची एक शाळा निवडावी लागते, तिला संपर्क केंद्र म्हणतात. फॉर्मची छापील प्रत, पैसे भरल्याची पावती आणि मूळ कागद तिथे नेऊन द्यायचे. माझ्या संपर्क केंद्रात मला तीनदा परत पाठवलं. एकदा साहेब नाहीत, एकदा प्रत धूसर आली आहे, आणि एकदा "आधारवर नाव वेगळं आहे की हो" म्हणून. लग्न झालेल्या बाईचं नाव आधारवर वेगळं असायचंच, हे तिथे मलाच समजावून सांगावं लागलं. लग्नाच्या दाखल्याची झेरॉक्स सोबत ठेवली होती म्हणून निभावलं. तुम्हीही ठेवा, दोन ठेवा.

दसरा झाला. दिवाळी २४ ऑक्टोबरला होती आणि दिवाळीआधीचे पंधरा दिवस शिलाईवालीचं काय होतं ते शिलाईवालीलाच ठाऊक. क्लास बंद, वही बंद, रात्री दोनपर्यंत मशीन. अशात एक जुन्या ताई आल्या. "गेल्या दिवाळीला शिवलेलास तसाच शीव. मापाला काही मी थांबत नाही." मी मापाची वही काढली. मागच्या पानावर नावांची यादी असते, तिथे त्यांच्या नावापुढे पान ७३. पान उघडलं. छाती, कंबर, खांदा, बाही, पुढचा गळा, मागचा गळा. कोपऱ्यात त्या वेळच्या कापडाचा बोटभर तुकडा स्टेपल केलेला. खाली माझ्या अक्षरात, 'उजवा खांदा उतरता. गेल्या वेळी काखेत घट्ट झालं, अर्धा इंच सोडणे.' अर्धं मिनिटही लागलं नसेल.

ताई गेल्या आणि मी ती वही हातात धरून तशीच बसले. बावीस वर्षं मी वह्याच तर ठेवतेय! त्यात कधी रंगीत पेन वापरलं नाही, अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे, पण माझं कुठलंही गिऱ्हाईक मला सापडतं. आणि गेल्या वेळी काय चुकलं तेही तिथेच लिहिलेलं असतं. मग इंग्रजीच्या वहीला मी वेगळी अक्कल का लावली?

भाऊबीज झाली आणि तिसरी वही आणली. दोनशेपानी म्हणून घेतली, मोजल्यावर १७२ पानं निघाली. मोजली कारण पहिलं काम तेच केलं, प्रत्येक पानाला हाताने नंबर घातला. टीव्ही बघत अर्ध्या तासाचं काम आहे. पहिली चार पानं अनुक्रमणिकेला सोडली, तारीख, काय लिहिलं आणि पान नंबर. रोज क्लासमधून उठायच्या आधी तिथेच एक ओळ भरायची. घरी जाऊन भरू म्हटलं की राहतं, मी दोनदा राहू देऊन बघितलं.

मग भाग पाडले. भाग कसे पाडायचे यावर मी बराच वेळ घातला आणि उत्तर पेपरातच निघालं. बोर्डाचा इंग्रजीचा पेपर ८० गुणांचा, बाकीचे २० तोंडी आणि अंतर्गत. पेपराला आता कृतिपत्रिका म्हणतात. तिच्यात सात प्रश्न. पहिला भाषाभ्यास, म्हणजे व्याकरण आणि शब्द, १० गुण. दुसरा पुस्तकातले उतारे, २० गुण. तिसरा कविता, १०. चौथा पुस्तकाबाहेरचा उतारा आणि सारांश, १५. पाचव्यात पत्र आणि संवाद किंवा भाषण, १०. सहाव्यात तक्त्यावरून परिच्छेद, बातमी, गोष्ट असलं, १०. सातवा भाषांतर, ५. वहीचेही सात भाग केले आणि प्रत्येकाला गुणांच्या मानाने पानं दिली. यामुळे एक गोष्ट कळली. तोवरच्या दोन्ही वह्यांत मिळून साठ टक्के पानं व्याकरणाने खाल्ली होती, आणि त्याचे थेट गुण दहा. सारांशावर माझ्याकडे एक ओळ नव्हती.

भाग वेगळे दिसावेत म्हणून पानांच्या कडेला कापडाच्या पट्ट्या चिकटवल्या. कतरणीला आमच्या घरात तोटा नाही. भाषाभ्यासाला लाल खण, कवितेला मोरपंखी, पत्राला पिवळी पॉपलीन. पट्टी पानाबाहेर अर्धा इंच यायला हवी आणि दोन्ही बाजूंनी फेव्हिकॉल हवा, नाहीतर आठवड्यात सुटते. क्लासमधल्या मुलांनी आधी खिदळून घेतलं. पंधरा दिवसांनी त्यातलाच एक "काकू, एक निळी पट्टी आहे का" म्हणत आला.

शब्दांची पानं मागच्या बाजूने सुरू केली. पान उभं मधोमध दुमडायचं, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. दुमडलं की अर्थ दिसत नाही. आला की शब्दापुढे पेन्सिलीने ठिपका. तीन वेगवेगळ्या दिवशी तीन ठिपके पडले की तो शब्द सुटला. एकाच दिवशी तीन ठिपके देऊन मी स्वतःला फसवायचा प्रयत्न केला, मग ठिपक्याऐवजी तारीख घालायला लागले. काज-बटण करताना हे फार चांगलं होतं, वही समोर टेकवून ठेवता येते.

इथे मॅडमचं आणि माझं जुंपलं. त्यांचा नियम कडक होता, इंग्रजी शब्दाचा उच्चार देवनागरीत लिहायचा नाही. सवय लागते, स्पेलिंगकडे डोळा जात नाही. त्यांचं खरं आहे. पण 'नॉलेज'च्या आधी जो 'के' गप्प बसलेला असतो, तो मला कुणी सांगितल्याशिवाय कसा कळावा? मी गुपचूप पेन्सिलीने लिहायची आणि शब्द तोंडात बसला की खोडायची. डिसेंबरात 'अ' आणि 'ॲन' कुठे वापरायचं ते आलं. मॅडमनी सांगितलं की नियम स्पेलिंगचा नाही, आवाजाचा. मुलं गोंधळली. 'युनिव्हर्सिटी' 'यू'ने सुरू होते, तो तर स्वर, मग 'अ' कसं? माझ्या वहीत पेन्सिलीने 'युनिव्हर्सिटी' लिहिलेलं होतं. पहिलं अक्षर य. य व्यंजन, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. 'अवर', म्हणजे तास, स्पेलिंगमध्ये 'एच'ने सुरू होतो, पण देवनागरीत अ. स्वर, म्हणून 'ॲन अवर'. 'एमएलए' ए, 'ॲन एमएलए'. 'वन-वे' व, 'अ वन-वे रोड'. मी हात वर करून सांगितलं. मॅडम थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "एवढ्यापुरती देवनागरी चालेल." त्या संध्याकाळी मी चालत घरी आले ती जमिनीवरून चार बोटं वर.

आता वहीतला सगळ्यात कामाचा भाग. पान १३० पासून पुढची पंचवीस पानं मी चुकांना दिली आणि मथळा घातला 'उसवण'. शिवण चुकली की ब्लाऊज फेकत नाही आपण, टाके उसवून पुन्हा शिवतो. आणि उसवताना दिसतं की मुळात कुठे ओढलं गेलं होतं. पानाचे तीन रकाने. मी काय लिहिलं, बरोबर काय, आणि माझं तसं का झालं. तिसरा रकाना भरायला डोकं लागतं, आणि त्यातच खरं शिकणं झालं. थोड्या नोंदी जशाच्या तशा देते.

'आय हॅड गॉन टु मार्केट यस्टरडे.' बरोबर, 'आय वेंट टु द मार्केट यस्टरडे.' का झालं? मनात 'मी काल बाजारात गेले होते' होतं, त्यातलं 'होते' हॅड होऊन उतरलं. आपण साध्या झालेल्या गोष्टीलाही होते-होतो लावतो. इंग्रजीत हॅड दोन घटनांतली आधीची कुठली ते दाखवायला लागतो. ही चूक माझ्या वहीत अकरा वेळा आहे.

'शी इज माय सिस्टर, नो?' बरोबर, 'इझन्ट शी?' आपल्याकडे एक 'ना' कुठेही चालतो. ती आली ना, तू जाशील ना, ते चोर आहेत ना. इंग्रजीत ना दर वेळी क्रियापद बघून बदलतो, दे वेंट असेल तर डिडन्ट दे. आणि वाक्य होकारी असेल तर शेपूट नकारी. हे मी 'इंग्रजीच्या शेपटाला मापं असतात' असं लिहून ठेवलंय.

'आय लाइक मँगो टू मच.' बरोबर, 'व्हेरी मच.' खूप म्हणजे टू मच असं डोक्यात बसलेलं. टू मच म्हणजे नको इतकं.

पॅसिव्ह व्हॉइसने मात्र मला त्रास दिला नाही. 'सीताने पत्र लिहिलं' आणि 'सीताकडून पत्र लिहिलं गेलं', हे दोन्ही मराठीत आधी म्हणून बघायचं. कडून दिसला की बाय, गेलं दिसलं की वॉज. आपली भाषा सगळीकडे आडवी येते असं नाही, कुठे कुठे हात पण देते.

कवितेच्या रसग्रहणाला पाच गुण असतात. त्याला मी एकच तक्ता केला, दोन पानं जोडून आडवा. प्रत्येक कवितेला एक ओळ आणि तिच्यापुढे शीर्षक, कवी, यमकाची रचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना. पुस्तकातली पहिलीच कविता टागोरांची. तिला यमकच नाही हे लिहायलाही मी घाबरत होते, वाटलं मलाच दिसत नाहीये. मॅडम म्हणाल्या, "मुक्तछंद आहे, तेच लिहायचं." पत्राचा नमुना मात्र उतरवला नाही. कागदी कटिंग करतो तसा एक रिकामा सांगाडा आखला, कुठे पत्ता, कुठे तारीख, कुठे विषय, सगळं डाव्या कडेला. तो पान ९६ वर चिकटवला, आणि दर रविवारी त्याच्याकडे बघून कोऱ्या कागदावर एक पत्र.

जानेवारीत वही हरवली. मसूर गावच्या एका गिऱ्हाइकाच्या चार ब्लाऊजांची पिशवी भरताना टेबलावरची वहीही आत गेली. दोन दिवस मी घर उलथंपालथं केलं, लेकीवर ओरडले, ह्यांच्यावर ओरडले. तिसऱ्या दिवशी फोन, "अगं, तुझी इंग्लिशची वही माझ्याकडे आलीय. आणि तू लिहिलंयस ते टू मच माझंही चुकायचं." बाईंनी उसवण पूर्ण वाचून काढली होती! तेव्हापासून दर रविवारी झालेल्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवायचे. पाच मिनिटं लागतात. आधीच का सुचलं नाही देव जाणे.

फेब्रुवारीत हॉल तिकीट मिळालं, माहेरच्या नावाचं. तोंडी परीक्षा आमची संपर्क केंद्राच्या शाळेतच झाली. तिथल्या सरांनी स्वाध्यायाची वही मागितली. कापडाच्या पट्ट्या आणि चहाचे डाग असलेली वही पुढे करायचा मला धीर होईना. मग ती साठ रुपयांची, चार रंगांची, लग्नपत्रिकेसारखी पक्की वही दिली. सर खूश. शेवटी तिचाही उपयोग झाला, कबूल केलं पाहिजे. तोंडीत स्वतःची ओळख सांगायची होती. "आय स्टिच क्लोद्स" म्हटलं, सर म्हणाले, "सिन्स व्हेन?" मी "सिन्स टू थाउजंड" म्हणाले आणि बाहेर आल्यावर लक्षात आलं की बरोबर बोलले. साल असेल तर सिन्स, मुदत असेल तर फॉर, पान ४१.

शेवटचे पंधरा दिवस नवीन काहीही लिहिलं नाही. फक्त उसवण, शब्दांची मागची पानं आणि पान ९६. ज्या चुका दोन महिन्यांत पुन्हा झाल्या नव्हत्या त्यांच्यावर काट मारत गेले. पंचवीस पानांतल्या उरलेल्या चुका शेवटी एका पानावर मावल्या. ते पान परीक्षेच्या दिवशी वर्गाच्या दारापर्यंत हातात होतं.

इंग्रजीचा पेपर ६ मार्च २०२३ ला, सोमवारी. नेमकी होळी. पहाटे चारला उठून पुरण शिजवलं, सासूबाई म्हणाल्या, "पोळ्या मी बघते, तू जा." त्यांनी असं म्हणायची ही पहिली वेळ. पेपर अकराला. त्या वर्षी प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी मिळणं बंद झालं होतं, त्याऐवजी शेवटी दहा मिनिटं वाढवून दिली होती, दोन वाजून दहापर्यंत. बाकावर पाय मावत नव्हते. पर्यवेक्षक मॅडम माझ्यापेक्षा लहान, त्या मला "अहो ताई, सही करा" म्हणत होत्या.

मी भाषांतरापासून सुरुवात केली. पाच गुण, आणि मराठीत लिहायचं, हात गरम होतो. पत्राला आले तेव्हा पान ९६ डोळ्यांपुढे आलं, वरच्या कोपऱ्यातल्या चहाच्या डागासकट. आतला मजकूर सुचायला वेळ लागला, पण तारीख आणि विषय कुठे याच्यासाठी थांबावं लागलं नाही. पुस्तकाबाहेरच्या उताऱ्यातलं एक उत्तर मला कळलंच नाही, उताऱ्यातली दोन वाक्यं उचलून ठेवली. आणि सारांशाला शीर्षक द्यायचं विसरले. दारातून बाहेर पडताना आठवलं, तोपर्यंत गठ्ठा बांधला होता. घरी गेल्यावर आधी ते उसवणीत लिहिलं, मग पुरणपोळीचा घास घेतला. परीक्षा झालेल्या विषयाची चूक कशाला लिहायची म्हणून ह्यांनी हसून घेतलं. सवयीने लिहिली गेली.

निकाल २ जूनला दुपारी एक वाजता लागणार होता. एकला वेबसाइट उघडेना, दोनला उघडली. इंग्रजीत ५८. शंभरपैकी. मला वाटलं होतं चाळीस. पण गणितात राहिले, २६. ते जुलैच्या पुरवणी परीक्षेत पुन्हा दिलं आणि ऑगस्टअखेरीस काठावर सुटले. गणिताची वही पण पट्ट्या लावून केली होती, तिथे पट्ट्यांनी फारसं काही केलं नाही. गणिताला रोज गणितं सोडवावी लागतात, एवढंच मला कळलं, त्याबद्दल लिहायचा मला अधिकार नाही.

खर्च विचारतात म्हणून, इंग्रजीपुरता. क्लासचे आठ महिन्यांचे चार हजार, तीन वह्या मिळून पावणेदोनशेच्या आसपास, सरावाच्या प्रश्नसंचाचे आणि झेरॉक्सचे चारशे. पट्ट्या फुकट.

गुणपत्रिका संपर्क केंद्रातून आणली तेव्हा तिथल्या बाबूंनी नाव मोठ्याने पुकारलं आणि मी जागची हललेच नाही. दुसऱ्यांदा पुकारल्यावर लेकीने कोपराने ढोसलं.

वही अजून आहे, मशीनशेजारच्या फळीवर मापाच्या वह्यांना टेकून. गल्लीतली एक पोरगी यंदा दहावीला आहे, तिला पुढचे सात भाग झेरॉक्स करून दिले. उसवण दिली नाही. माझ्या चुका पाठ करून ती काय करणार, तिला तिची पंचवीस कोरी पानं दिली आणि पेन्सिलीने तीन रकाने आखून दिले. परवा घाईत एक नवीन गिऱ्हाईक आलं, मापाची वही हाताशी नव्हती, तिची मापं इंग्रजीच्या वहीतच घेतली गेली. अनुक्रमणिकेत आता शेवटची ओळ अशी आहे : कटोरी ब्लाऊज, अस्तरासह, पान १६८.